सूर्यग्रहणाची एक मिनिटाची फिल्म

(साक्षरता वर्गात फिल्म दाखवल्यानंतर दिलेले भाषण)



आता पडद्यावर आपण जी फिल्म पाहिली, ती संपली कधी हे पुष्कळांना कळलेच नाही. कोणी तरी मागून म्हणाले, "मास्तर, एवढीच?" होय, एवढीच. एका मिनिटाहून थोडी जास्त. तीत गाणे नाही, बोलणे नाही, रंगही नाही. एक काळा गोल दिसला. त्याच्या कडेला उजेडाची कोर होती. ती बारीक बारीक होत गेली. मग गोलाभोवती मऊ पांढरा उजेड पसरला. थोड्या वेळाने एका कडेला लखकन ठिणगी चमकली, आणि ऊन परत आले. झाले, फिल्म संपली.

पण या एका मिनिटासाठी एक माणूस दोनदा समुद्र ओलांडून गेला होता. आणि आज सव्वाशे वर्षे झाली तरी ते मिनिट शिल्लक आहे. ते कसे शिल्लक राहिले, आणि त्यातून आपण काय घ्यायचे, एवढेच मी आज सांगणार आहे. मी काही शास्त्रज्ञ नाही. मॅट्रिक होऊन शाळेत मास्तर झालो आणि हेडमास्तर म्हणून निवृत्त झालो. तेव्हा अवघड काही सांगणार नाही.

आधी ग्रहण म्हणजे काय ते थोडक्यात पाहू. एक रुपयाचे नाणे घ्या. एक डोळा मिटा आणि नाणे दुसऱ्या डोळ्याजवळ धरा. समोरचे देऊळ झाकले जाते की नाही? नाणे लहान, देऊळ केवढे मोठे! पण नाणे जवळ आहे आणि देऊळ लांब आहे. म्हणून लहान वस्तूने मोठी वस्तू झाकली. सूर्यग्रहणात हेच होते. चंद्र आपल्यापासून सुमारे ३ लाख ८४ हजार किलोमीटर लांब आहे. सूर्य सुमारे १५ कोटी किलोमीटर लांब आहे. सूर्य चंद्राच्या सुमारे चारशे पट रुंद आहे, आणि तो चंद्राच्या सुमारे चारशे पट लांबही आहे. त्यामुळे आपल्याला दोघे जवळजवळ सारखेच दिसतात. अमावास्येला चंद्र कधी कधी नेमका सूर्याच्या आड येतो. त्याची सावली पृथ्वीवर पडते. त्या सावलीत जे उभे असतात, त्यांना ग्रहण दिसते.

मग दर अमावास्येला ग्रहण का होत नाही? कारण चंद्राची वाट जराशी तिरपी आहे. बहुतेक वेळा तो सूर्याच्या वरून किंवा खालून निघून जातो.

ही गोष्ट परक्यांनी आपल्याला शिकवली असे समजू नका. आपल्या आर्यभटाने इसवी सन ४९९ च्या सुमारास लिहून ठेवले आहे, की चंद्र सूर्याला झाकतो आणि पृथ्वीची सावली चंद्राला झाकते. त्याला आज दीड हजार वर्षे झाली. राहू-केतू सूर्याला गिळतात ही गोष्ट आपण ऐकत आलो. पण आपल्याच देशातल्या माणसाने मांडलेले गणितही खूप जुने आहे. पंचांगात ग्रहणाची वेळ आधीच छापून येते, ती गणितानेच काढलेली असते. राक्षसाच्या मनावर असते, तर वेळ आधी कशी कळली असती?

आता फिल्मकडे येऊ.

ज्या माणसाने ही फिल्म काढली, त्याचे नाव नेव्हिल मॅस्केलिन. तो लंडनचा जादूगार होता. रंगमंचावर जादूचे प्रयोग करणे हा त्यांचा घरचा धंदा. त्याचे वडीलही नावाजलेले जादूगार होते. लोकांच्या डोळ्यांना फसवणे हे ज्याचे काम, त्याला डोळ्यांनी खरे काय दिसते याचीही मोठी हौस होती. त्या वेळी सिनेमा नुकताच निघाला होता. १८९५ च्या अखेरीस पॅरिसमध्ये तिकीट लावून सिनेमा दाखवला गेला, आणि १८९६ साली तो मुंबईत आला. मॅस्केलिनने विचार केला, की या यंत्राने ग्रहण का पकडू नये?

याची गरज काय होती, ते सांगतो. सूर्य पूर्ण झाकला गेला, की त्याच्याभोवती पांढऱ्या उजेडाचे कडे दिसते. त्याला प्रभामंडळ म्हणतात. ते कायम असतेच, पण सूर्याच्या झगझगाटात दिसत नाही. भर उन्हात काजवा दिसत नाही, तसेच हे. खग्रास ग्रहणात सूर्य झाकला, की मगच ते दिसते. आणि तेही किती वेळ? एक मिनिट, दोन मिनिटे, फार तर सात-साडेसात मिनिटे. पुढचे ग्रहण कुठे तरी दुसऱ्याच देशात, नाही तर समुद्रावर. म्हणून शास्त्रज्ञ मोठमोठ्या दुर्बिणी आगबोटीवर चढवून हजारो मैल जात. ग्रहणाची सावली जिथे पडणार तिथे आधीच जाऊन तंबू ठोकत.

पूर्वी ते पाहून हाताने चित्र काढत. पण एकाच ग्रहणाची दोघांची चित्रे सारखी येत नसत. एकाने किरण लांब काढले, तर दुसऱ्याने आखूड. खरे कोणाचे? भांडण मिटायचे कसे? मग फोटो निघाला. १८५१ साली प्रभामंडळाचा पहिला चांगला फोटो घेतला गेला. फोटोला हौस नाही, भीती नाही. समोर जे आहे तेच तो घेतो. आणि सिनेमा म्हणजे एकामागून एक घेतलेले पुष्कळ फोटो. म्हणजे ग्रहण कसे लागले, कसे सुटले, ते क्रमाने पुन्हा पाहता येते.

मॅस्केलिन पहिल्यांदा कुठे गेला, माहीत आहे? आपल्याच देशात आला! २२ जानेवारी १८९८ रोजी हिंदुस्थानात खग्रास सूर्यग्रहण होते. चंद्राची सावली अरबी समुद्रावरून आली ती आपल्या कोकणात उतरली. तिथून घाट चढून, सोलापूरकडचा मुलूख आणि वऱ्हाड ओलांडून ती उत्तर हिंदुस्थानात हिमालयाकडे गेली. सावलीचा हा पट्टा फार तर शंभर किलोमीटर रुंद होता. त्या पट्ट्यात देशोदेशीचे शास्त्रज्ञ येऊन बसले.

विजयदुर्गला इंग्लंडचे नॉर्मन लॉकियर आले. लढाऊ जहाजावरचे खलाशी त्यांच्या मदतीला होते. सोलापूर जिल्ह्यात करमाळा तालुक्यात जेऊर नावाचे गाव आहे. रेल्वेने जाताना तुमच्यापैकी काहींनी ते स्टेशन पाहिले असेल. तिथे अमेरिकेहून कॅम्पबेल नावाचे शास्त्रज्ञ आपल्या पत्नीसह आले. त्यांचा एक कॅमेरा चाळीस फूट लांब होता! त्याच जेऊरला पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधले प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला आपली दुर्बीण घेऊन गेले. ते आपल्याच देशाचे पारशी गृहस्थ. पुण्याची वेधशाळा ते चालवीत. त्यांनी त्या ग्रहणाचा अहवाल लिहिला आणि तो १९०२ साली छापला गेला.

वऱ्हाडात तळणी नावाचे गाव आहे. तिथे इंग्लंडहून आलेल्या मंडळींत ॲनी माँडर नावाच्या बाई होत्या. या बाईंनी एका लहानशा कॅमेऱ्याने प्रभामंडळाचा एक किरण टिपला. तो लाखो मैल लांब होता. एवढा लांब किरण त्याआधी कोणाच्या फोटोत आला नव्हता. मोठमोठे कॅमेरे बाजूला राहिले आणि बाईंच्या लहान कॅमेऱ्याने बाजी मारली. इथे बसलेल्या आयाबायांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

ते दिवस काही सुखाचे नव्हते. दुष्काळ नुकताच होऊन गेला होता. १८९६ साली मुंबईत आणि १८९७ साली पुण्यात प्लेग आला होता. अशा काळात ही माणसे आली, महिनाभर उन्हातान्हात राबली. कशासाठी? दोन मिनिटांच्या आसपास टिकणाऱ्या अंधारासाठी.

त्या दोन मिनिटांची तयारी कशी करत, तेही ऐका. लग्नात अक्षता पडायच्या वेळी जसे प्रत्येकाला आपले काम ठाऊक असते, तसे इथे असे. एकाने सेकंद मोठ्याने मोजायचे. एकाने काच सरकवायची. एकाने झाकण उघडायचे. आधी कित्येक दिवस याची कवायत चाले. कारण त्या वेळी हात थरथरला, किंवा तोंड वासून वर पाहत राहिला, की संपले. सूर्य कोणासाठी थांबत नाही.

मॅस्केलिनही आपले यंत्र घेऊन हिंदुस्थानात आला. त्याने ग्रहणाची फिल्म घेतली. काम फत्ते झाले. पण घरी परत जाताना वाटेत फिल्मचा डबा चोरीला गेला. चोराला त्याचा काय उपयोग? पण मॅस्केलिनची सारी मेहनत गेली. त्याने ग्रहण पाहिले होते हे खरे. पण दाखवायला हातात काही उरले नाही. नुसत्या तोंडच्या शब्दावर कोण किती दिवस विश्वास ठेवणार?

पीक हातातोंडाशी आले आणि गारपिटीने गेले, म्हणजे काय होते ते तुम्हांला मी सांगायला नको. शेतकरी दोन दिवस डोक्याला हात लावून बसतो. पण पुढच्या मृगाला तो पाभर बाहेर काढतोच. मॅस्केलिननेही तेच केले. दोन वर्षांनी, २८ मे १९०० रोजी, अमेरिकेत खग्रास ग्रहण होते. तो पुन्हा आगबोटीने निघाला. या वेळी अटलांटिक महासागर ओलांडून गेला. नॉर्थ कॅरोलिना राज्यात वेड्सबरो नावाचे एक लहान गाव आहे. तिथे अमेरिकेच्या मोठमोठ्या संस्थांचे शास्त्रज्ञ जमले होते. इंग्लंडच्या हौशी आकाशनिरीक्षकांची एक संस्था आहे, ब्रिटिश ॲस्ट्रॉनॉमिकल असोसिएशन. त्या संस्थेच्या मंडळींबरोबर मॅस्केलिन होता. त्याने आपल्या सिनेमाच्या कॅमेऱ्याला दुर्बीण जोडण्यासाठी खास भाग तयार केला होता. सकाळची वेळ होती. खग्रास अवस्था दीड मिनिटाच्या आसपास टिकली. आणि या वेळी फिल्म हाताला लागली, आणि घरीही पोचली.

ती फिल्म लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटी या संस्थेच्या दप्तरात राहिली. किती वर्षे तिच्याकडे कोणाचे लक्ष नव्हते. पुढे ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटच्या लोकांनी तिचे एक एक चित्र साफ केले, नीट लावले, आणि २०१९ च्या मे महिन्यात ती सगळ्या जगाला पाहायला खुली केली. सूर्यग्रहणाच्या ज्या फिल्मा आज हाती आहेत, त्यांत ही सर्वांत जुनी समजली जाते.

मंडळी, आता मूळ मुद्दा. १८९८ च्या त्या दुपारी आपल्या महाराष्ट्रात लाखो लोकांनी ग्रहण पाहिले असेल. भर दुपारी अंधार झाला, पाखरे घरट्याकडे वळली, तारे दिसले. केवढी मोठी गोष्ट! पण त्यांपैकी किती जणांनी काय पाहिले ते आज आपल्याला कळते? ज्यांनी लिहून ठेवले, फोटो काढून ठेवला, त्यांचेच कळते. बाकीच्यांचे पाहणे त्यांच्याबरोबर गेले. आपल्या पणजोबांनी काय पाहिले ते आपल्याला ठाऊक नाही, आणि जेऊरच्या माळावर परदेशातून आलेल्या माणसाने काय पाहिले ते ठाऊक आहे. कारण पणजोबांच्या हाती पाटी-पेन्सिल कोणी दिली नव्हती.

आणि नोंद नसली, की तिच्या जागी भीती येऊन बसते. हे नीट ऐका, कारण हे तुमच्या-आमच्या घरातले आहे.

ग्रहण आले, की आपण गरोदर बाईला अंधाऱ्या खोलीत बसवतो. तिने चिरायचे नाही, शिवायचे नाही, खायचे नाही, पाणीसुद्धा प्यायचे नाही. का? तर मुलाचा ओठ फाटेल. मी एकदा एका आजीबाईंना विचारले, "आजी, हे तुम्ही पाहिले का?" त्या म्हणाल्या, "मी नाही बाबा, माझ्या सासूने सांगितले." सासूला तिच्या सासूने सांगितले. पाहिले कोणी? लिहिले कोणी? कुणालाच ठाऊक नाही.

ओठ फाटलेले मूल बारा महिन्यांत केव्हाही आणि जगातल्या प्रत्येक देशात जन्माला येते. डॉक्टर त्याची कारणे सांगतात. काही घराण्यांत ते रक्तातून येते. आईच्या आहारात कमतरता असली, तंबाखू असली, काही औषधे चुकीच्या वेळी घेतली, तरी धोका वाढतो. ऑपरेशनने तो ओठ जुळवताही येतो. यात ग्रहणाचा काही संबंध नाही. उलट, पोटुशी बाई दिवसभर उपाशी आणि तहानलेली राहिली, तर तिला घेरी येते आणि त्रास होतो. म्हणजे ज्या बाळाला जपायचे म्हणून आपण हे करतो, त्याच्याच आईला आपण त्रास देतो.

माझ्या शब्दावर विश्वास ठेवू नका. नोंद करून पाहा. गावात आशाताई आहेत, अंगणवाडीताई आहेत. त्यांच्या वहीत गरोदर बायांची नावे असतात. ग्रहणाच्या दिवशी कोण घरात बसली, कोण नेहमीसारखी कामात होती, कोणाचे मूल कसे झाले, हे लिहून ठेवा. एका गावाने नाही, दहा गावांनी लिहावे. एका ग्रहणाने नाही, चार ग्रहणांनी पाहावे. मग जे दिसेल ते माना. शास्त्र म्हणजे दुसरे काय?

मी कोणाच्या श्रद्धेच्या आड येत नाही. ग्रहण सुटल्यावर आंघोळ करावीशी वाटली, करा. नामस्मरण करा. "दे दान, सुटे गिऱ्हाण" म्हणत कोणी दारी आला, तर पसाभर धान्य घाला, त्यात पुण्यच आहे. पण दारच्या माणसाला दान देताना घरच्या लेकीसुनेला पाण्याचा घोट नाकारू नका.

आता एक भीती मात्र खरी आहे, तीही सांगतो. ग्रहणात सूर्याकडे उघड्या डोळ्यांनी पाहू नका. त्यात विषारी किरण निघतात असे नाही. किरण रोजचेच असतात. रोज आपण सूर्याकडे टक लावून पाहत नाही, ग्रहणात पाहतो, एवढाच फरक. डोळ्याच्या आतल्या पडद्याला इजा होते आणि त्या वेळी दुखतसुद्धा नाही. कळते तेव्हा उशीर झालेला असतो. काजळी धरलेली काच, एक्स-रेची फिल्म, साधा काळा चष्मा, परातीतले पाणी, यांतले काहीही वापरू नका. दुर्बिणीतून तर मुळीच पाहू नका. ग्रहणासाठी मुद्दाम केलेले प्रमाणित चष्मे मिळतात. तेच वापरा, आणि त्यांवर ओरखडा नाही ना ते आधी पाहा.

चष्मा नसला तरी अडत नाही. घरातली पिठाची नव्हे, मोठ्या भोकांची चाळण घ्या. सूर्याकडे पाठ करून उभे राहा. चाळणीतून ऊन पांढऱ्या भिंतीवर किंवा धोतरावर पडू द्या. प्रत्येक भोकाखाली सूर्याची एक लहान कोर दिसेल. झाडाखाली पाहा, पानांच्या फटींतून जमिनीवर शेकडो कोरी पडलेल्या दिसतील. यात सूर्याकडे पाहावेच लागत नाही, आणि पैसाही लागत नाही.

हे काम अजून चालू आहे. आपल्या देशाने २ सप्टेंबर २०२३ रोजी आदित्य एल-१ नावाचे यान सोडले. ते जानेवारी २०२४ मध्ये पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरवर जाऊन पोचले. त्यातल्या दुर्बिणीत सूर्याचा गोल झाकण्याची सोय केली आहे. म्हणजे घडवलेले ग्रहणच म्हणा. ज्या प्रभामंडळासाठी मॅस्केलिन दोनदा समुद्रापार गेला, ज्याच्यासाठी जेऊरच्या माळावर तंबू पडले, तेच प्रभामंडळ आता आपल्या मुलाबाळांनी बनवलेल्या यंत्रातून पाहिले जाते. तो उजेड दहा लाख अंशांहूनही तापलेल्या वायूचा आहे. खालचा सूर्याचा पृष्ठभाग मात्र सुमारे साडेपाच हजार अंशच तापलेला. वरचा वायू इतका कसा तापतो, हे कोडे शास्त्रज्ञ अजून सोडवीत आहेत. तुमच्यापैकी कोणाच्या नातवाने ते सोडवले, तर मला नवल वाटणार नाही.

शेवटी तुम्हांला एक काम देतो. मास्तर आहे, काम दिल्याशिवाय कसा सोडीन?

२ ऑगस्ट २०२७ रोजी सूर्यग्रहण आहे. खग्रास ते स्पेन, इजिप्त, अरबस्तान अशा देशांत दिसेल. आपल्या महाराष्ट्रात खंडग्रास, म्हणजे थोडा सूर्य झाकलेला दिसेल, दुपार कलल्यावर. पावसाळ्याचे दिवस आहेत, ढग असतील. ढग असले तरी हरकत नाही. आता तुम्हांला लिहिता येते. एक वही करा. वर तारीख घाला, गावाचे नाव घाला. किती वाजता काय दिसले ते लिहा. ऊन कसे झाले, गुरे कशी वागली, पाखरे कुठे गेली, गरोदर बाईने काय खाल्ले, ते लिहा. ढगामुळे काही दिसले नाही, तर "ढग होते, दिसले नाही" असे लिहा. तीसुद्धा नोंदच आहे, आणि खरी नोंद आहे. खाली आपली सही करा. अंगठा नको, सही करा.

ती वही ग्रामपंचायतीच्या कपाटात ठेवा. शंभर वर्षांनी गावातले कोणी पोर ती उघडील, आणि आपल्या पणजोबा-पणजीने काय पाहिले ते त्यांच्याच अक्षरात वाचील.